काचेच्या पेटीतलं नातवंड आणि घरात बसवलेली बाळंतीण

प्रश्न असा आहे. इंदूरच्या सुदामानगरातल्या एक आजी विचारतात: लेकीचं बी.पी. वाढलं म्हणून तिसाव्या आठवड्यातच सिझेरियन करावं लागलं. नात झाली, ११८० ग्रॅमची. आज सहावा दिवस, वजन १०८० वर आलंय. नाकातली नळी परवा काढली होती, काल पुन्हा लावली. लेकीला काल घरी सोडलं, पण सिस्टर म्हणतात तिला इथंच बसवा, दर दोन-तीन तासांनी दूध काढायचंय. निघतं जेमतेम चमचाभर. ओल्या बाळंतिणीला टाके असताना रोज नेऊ, की डब्याचं दूध द्या म्हणून सांगू? हातातला हिरवा चुडाही काढायला लावतात. पाचवी पुजायची राहिली ती राहिलीच. बाळ घरी कधी येईल?

ताई, तिला न्या. सकाळी न्या आणि दिवसभर तिथंच राहू द्या. आयांना पडायला खोली किंवा निदान एखादी कॉट असेल तर रात्रीही.

मी रामबागेत वाढले, नर्सिंग इंदुरातच केलं आणि पुढची सव्वीस वर्षं नवजात अतिदक्षता विभागात काढली, शेवटची काही इनचार्ज म्हणून. मी डॉक्टर नाही आणि तुमच्या नातीची फाइल माझ्यासमोर नाही, तेव्हा औषध-तपासणीच्या बाबतीत तिथल्या डॉक्टरांचंच ऐका. पण तुमचा प्रश्न औषधाचा नाहीच. लेकीला जपू की नातीला, असा तो आहे, आणि असे प्रश्न आम्हा सिस्टर लोकांच्याच पदरात पडतात.

आधी वजनाचं, कारण त्याने तुमची झोप उडाली असणार. शंभर ग्रॅम गेले म्हणजे साडेआठ टक्के. इतक्या लहान बाळाचं पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं. ते मांस नसतं, पाणी असतं. पोटात असताना बाळ पाण्यातच राहतं आणि ते जादा पाणी बाहेर आल्यावर निघून जातं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत येतं, मग किलोमागे रोज पंधरा-वीस ग्रॅम चढू लागतं. वीस ग्रॅम म्हणजे चार चमचे पाणी. त्यामुळे रोज सकाळी आकडा विचारून तोंड पाडून बसू नका, आठवड्याचा हिशेब धरा. आणि शेजारच्या पेटीतल्या बाळाच्या वजनाची चौकशी तर मुळीच नको. काचेच्या बाहेर आज्या-आज्यांमध्ये जी वजनांची देवाणघेवाण चालते तिनं मी भल्याभल्यांचं बी.पी. वाढलेलं पाहिलंय.

नळीचं. ती बहुतेक सी-पॅपची असणार. फुप्फुसातले बारीक फुगे आतून ओले असतात आणि ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारख्या त्यांच्या भिंती एकमेकींना चिकटतात. त्या चिकटू न देणारा साबणासारखा पदार्थ बाळ स्वतः बनवतं, पण पुरेसा बनतो तो चौतीस-पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत. तोवर बाहेरून हवेचा हलका दाब द्यायचा, म्हणजे श्वास सोडला तरी फुगे मिटत नाहीत. बबल सी-पॅपमध्ये नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाचेक सेंटिमीटर बुडवलेलं असतं, तेवढ्याच पाण्याचा दाब. ती बुडबुड ऐकू येते ना, ती चांगली. ती थांबली की आम्ही धावतो, कारण कुठेतरी हवा गळतेय, नाहीतर बाळाने नुसतं तोंड उघडलंय.

काढलेली नळी परत लागली म्हणजे बाळ हरलं असं समजू नका. तिसाव्या आठवड्याच्या बाळाचा मेंदूच अजून श्वास घ्यायची आठवण ठेवायला शिकतोय. मधेच ते विसरतं, वीस-वीस सेकंद थांबतं, मॉनिटर ओरडतो, सिस्टर तळपायाला टिचकी मारते, आणि बाई पुन्हा श्वास घ्यायला लागतात. त्यासाठी कॅफिन देतात, हो, कॉफीतलंच. डॉक्टर तुमच्या लेकीला विचारतील की बाळंतपणाआधी फुप्फुसाची इंजेक्शनं मिळाली होती का. ती आईला द्यायची स्टेरॉइडची इंजेक्शनं. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स आणि हाउई या दोघांनी १९७२ साली त्यांचा उपयोग दाखवला, आणि त्याचा सुगावा लागला होता मेंढीच्या कोकरांवरून. त्याआधीच्या काळाची कल्पना यावी म्हणून सांगते: १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला, दोन किलोच्या वर होता, तुमच्या नातीच्या जवळजवळ दुप्पट, आणि दोन दिवसांत याच श्वासाच्या आजारानं गेला. पैसा, डॉक्टर, सगळं हाताशी असून. आज तितक्या वजनाच्या बाळाला श्वासाचा त्रास होतोय म्हटलं तर कुठलीही सिस्टर घाबरत नाही.

कुणीतरी "सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही" म्हणणारं भेटलंच असेल. भेटलं नसेल तर भेटेल, आपल्याकडे अशी एक आत्या असतेच. साफ खोटं आहे ते. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो. सात महिन्यांपेक्षा आठ बरे, आठापेक्षा नऊ.

आता दूध. इथं मी जरा रेंगाळणार.

तुम्ही लिहिता "जेमतेम चमचाभर". चमचाभर म्हणजे पाच मिली. तुमच्या नातीला सध्या एका वेळी किती देतायत ते विचारा; या वजनाला सुरुवातीला दोन-तीन मिलीच असतं, तोंडातून पोटात गेलेल्या बारीक नळीवाटे. म्हणजे तो चमचा तिचं दोन वेळचं जेवण झालं! पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट पिवळा चीक येतो तो थेंबाथेंबाने सिरिंजमध्ये भरून घेतो आम्ही, आणि काही थेंब बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतो. गायीच्या चिकाचा खरवस आपण किती कौतुकाने वाटतो, आणि लेकीचा चीक "काही येतच नाही" म्हणून सोडून देतो.

वेळेआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात प्रथिनं जास्त असतात. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. या बाळांच्या आतड्याला एक भयंकर आजार होतो. पोट फुगतं, आतड्याला सूज येते आणि ते आतून सडायला लागतं. आईच्या दुधावरच्या बाळांमध्ये तो कमी दिसतो, डब्याच्या दुधावर जास्त. म्हणून सिस्टर तुमच्या मागे लागल्यात. आईचं पुरेनासं झालं तर दुसऱ्या आयांचं दान केलेलं, तपासून पाश्चराइझ केलेलं मिल्क बँकेचं दूध, आणि तेही नसेल तर मग डॉक्टर सांगतील तो लहान बाळांचा डबा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मिल्क बँक उभी केली ती याच बाळांसाठी. पाणी घातलेलं गायीचं दूध किंवा शेजारणीचं तसंच आणलेलं दूध या यादीत कुठेच नाही.

आज चमचा पुरतो, महिन्याभराने पुरणार नाही. तेव्हा रोजचं दोनशे-अडीचशे मिली लागेल आणि पुढे वाढत जाईल. दूध विहिरीसारखं असतं, उपसलं तरच झरे मोकळे राहतात. दिवसात आठ ते दहा वेळा काढायचं, त्यातलं एक तरी रात्री. ही रात्रीची वेळ तुमची, ताई. लेकीला हाक मारायची, गरम पाण्याच्या फडक्याने छाती शेकायची, उकळलेली वाटी हातात द्यायची. अंगठा आणि बोट काळसर भागाच्या मागे ठेवून आधी बरगडीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. बोंडाला ओढायचं नाही, त्याने नुसतं दुखतं. बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चोवीस तास, वर नाव आणि वेळ लिहून. नेताना बर्फाच्या डब्यात. आणि अळीव, डिंक, मेथी सगळं घाला तिला, माझी काही तक्रार नाही, पण बाळापाशी बसून काढलेलं दूध आणि घरी भिंतीकडे बघत काढलेलं दूध यात किती फरक पडतो ते मी वाट्यांमध्ये मोजलंय. पान्हा बाळाला बघून फुटतो.

हे मला नोकरीला लागले तेव्हा माहीत नव्हतं. मी ज्या युनिटमध्ये शिकले तिथं आयांना संध्याकाळी एक तास काचेतून बघायची परवानगी होती. आत येणं बंद, जंतू येतील म्हणून. देवासकडच्या खेड्यातली एक आई रोज त्या काचेला कपाळ टेकून उभी राहायची. "मैया, दूध घर पर ही निकाल लिया करो," असं मीच तिला सांगितलं होतं, अगदी प्रेमाने. तिसऱ्या आठवड्यात तिचं दूध आटलं. बाळ डब्यावर गेलं आणि पुढे त्याचं पोट फुगलं. डब्यानेच फुगलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. बाळ वाचलं, महिनाभर जास्त राहिलं. पण मी दिलेला तो सल्ला चूक होता, आणि त्या वेळच्या नियमाला धरून होता, म्हणून तो मला कुणी चूक म्हणूनही दाखवला नाही.

आता नियम उलटा आहे. २०१७ साली केंद्र सरकारने नवजात विभागांत घरच्यांना उपचारात सामील करून घेण्याची मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. तुमच्या हॉस्पिटलात अजून आईला बसू देत नसतील तर भांडू नका, पण रोज शांतपणे विचारा: "कांगारू कधी सुरू करायचं?"

कांगारू म्हणजे बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर, बेडकासारखे पाय दुमडून, उभं धरून ठेवायचं, मान एका बाजूला आणि जराशी वर, वरून सुती कापडाने बांधायचं. ही कल्पना कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगार रे यांनी काढली. पेट्या पुरत नव्हत्या, एकीत दोन-दोन तीन-तीन बाळं, संसर्गानं मरत होती. मग आयांनाच पेटी केलं. बरीच वर्षं सगळे याला गरिबांची सोय म्हणत राहिले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचे निकाल आले. आफ्रिकेतल्या चार देशांतली हॉस्पिटलं आणि आपलं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली बाळं, म्हणजे बरोबर तुमच्या नातीच्या वजनाची. काहींना जन्मल्यापासून लगेच छातीवर ठेवलं, बाकीच्यांना आधी पेटीत ठेवून तब्येत स्थिरावल्यावर. लगेच ठेवलेल्यांमध्ये पहिल्या अठ्ठावीस दिवसांत शंभरातली बारा गेली, दुसऱ्या गटात जवळजवळ सोळा. श्रीमंत यंत्रानं नाही, आईच्या अंगाच्या उबेनं झालेला फरक आहे हा. तेव्हापासून संघटना म्हणते, दिवसात आठ तास तरी, जमलं तर चोवीस.

सी-पॅप लावलेलं असतानाही बरीच युनिटं कांगारू देतात, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. एकदा ठेवलं की निदान तासभर हलवायचं नाही, कारण उचलण्या-ठेवण्यातच बाळ दमतं. टाके आहेत म्हणून मागे रेलायची खुर्ची मागा, पाठीला उशी द्या. लेक जेवायला गेली की जावयांनी बसावं. शर्टाची बटणं काढून बसायला पुरुष लाजतात, पण तासाभराने उठायला तयार नसतात! आणि तुम्हीही बसू शकता. आजीच्या छातीलाही तेवढीच ऊब असते.

चुड्याचं. ताई, तो काढाच. ओटीभरणाला भरलेला हिरवा चुडा बाळंतिणीच्या हातातून उतरवायचा म्हणजे आईच्या पोटात कालवतं, मला ठाऊक आहे. मी स्वतःच्या भाचीचा उतरवलाय. पण काचेच्या बांगड्यांखाली साबण पोचत नाही, आणि या विभागांत बाळं ज्या जंतूंनी जातात ते औषधाला न जुमानणारे, हातांवरून हातांवर फिरणारे असतात. अंगठी, मनगटातला दोरा, घड्याळ, नेलपॉलिश, सगळं बाहेर. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणारं आपलं शहर, आणि कोपरापर्यंत हात धुवा म्हटलं की "अभी तो धोए थे, भिया"! मी चुडे एका छोट्या डबीत ठेवायला सांगायची. बाळ घरी येईल त्या दिवशी तीच डबी उघडून भरा.

पाचवीचं विचारता. पूजा घरी मांडा, कोरा कागद आणि लेखणी ठेवा, कुणी अडवत नाही. सटवाई नशीब लिहायला बाळापाशी जायचीच, तिलाही सांगा कोपरापर्यंत हात धुऊन आत जा म्हणून. बारसं घरी आल्यावर करा. मात्र सोनं-मध चाटवणं, घुटी, ओव्या-शेपाची धुरी, काजळ, नाळेला काही लावणं, यातलं एकही नको, घरी आल्यावरसुद्धा नको. टाळू भरायचीही घाई करू नका. त्या टाळूच्या खिडकीतूनच डॉक्टर डोक्याची सोनोग्राफी करतात. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो बहुधा पहिल्या तीन दिवसांतला असतो, म्हणून पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी झाली का आणि काय दिसलं, हे लेक-जावयांपैकी एकाने विचारून घ्यावं. एकानेच. रोज पाच नातेवाईक पाच वेळा विचारतात, डॉक्टर पाच तऱ्हांनी सांगतात आणि घरी जाऊन भांडण होतं.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून ठेवा, कारण ती डिस्चार्जच्या आनंदात हमखास राहते. डोळ्यांची तपासणी. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दिवस भरेपर्यंत वाढत असतात. बाळ आधी आलं की त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा सुटू शकतो. बाहेरून डोळा अगदी टपोरा, छान दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. आपल्याकडे दोन किलोच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आतल्या प्रत्येक बाळाचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासायचा असतो. तुमची नात १२०० ग्रॅमच्या आतली, म्हणून तिचा दोन-तीन आठवड्यांतच. एकदा बघून भागत नाही, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत दर आठवड्या-पंधरवड्याला जावं लागतं. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतं. वेळ गेली की फारसं काही करता येत नाही. तमिळनाडूतल्या अशाच एका मुलीची तपासणी राहिली आणि दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली तिला एक कोटी ऐंशी लाखांची भरपाई द्यायला लावली. पैसे मिळाले, डोळे नाहीत. ऑक्सिजनचा काटा ९० ते ९५ मध्ये ठेवायची आमची जी धडपड असते तीही यासाठीच. ऑक्सिजन हे औषध आहे, जास्त झालं तर डोळ्यांवर येतं. "सिस्टर, शंभर करा ना," असं लोक म्हणतात तेव्हा काय सांगावं सुचत नाही.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार करत असाल. बिल झेपेनासं झालं तर सही करून बाळाला घरी आणू नका. आजारी नवजाताचा सरकारी दवाखान्यातला उपचार २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, आणि आपल्याकडे एम.वाय. हे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. हलवायचंच तर डॉक्टरांनी डॉक्टरांशी आधी बोलून, जागा नक्की करून, बाळाला गरम ठेवून.

घरी कधी, ते मी तारखेने सांगणार नाही, कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. श्वास आधाराविना आणि न विसरता, निदान पाच-सात दिवस सलग. दूध तोंडाने, ओढणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बसतो, तोवर वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं, चोचीची ती छोटी वाटी. हो, तुमच्या आईने वापरलेलं तेच, उकळून घेतलेलं. पेटीबाहेर अंग गरम राहणं, आणि वजन रोज चढणं. हे सगळं जमलं की सोडतात. तिसाव्या आठवड्यातल्या, फार गुंतागुंत न झालेल्या बाळाला पाच-सहा आठवडे धरून चाला. मधे संसर्ग झाला तर जास्त. आणि बाळाचं वय पुढे प्रसूतीची मूळ तारीख धरूनच मोजा, नाहीतर शेजारचं मूल बसायला लागलं आणि आपलं नाही म्हणून पुन्हा झोप उडेल.

लेक रडत असेल. "मीच काहीतरी चुकीचं केलं" म्हणत असेल. बी.पी. वाढलं होतं, डॉक्टरांनी दोघींना वाचवायला सिझेरियन केलं, यात तिचं काय चुकलं? घरात कुणी जिना चढल्याचा, पपई खाल्ल्याचा विषय काढला तर तिथंच तोडा. हे काम तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही.

उद्या निघताना पुढून उघडणारं ब्लाउज, जुन्या मऊ साडीचे दोन धुतलेले तुकडे, पाण्याची बाटली, पाठीमागे घ्यायला उशी. रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगा, टाके आहेत. लाडवांचा डबा थोडा मोठा घ्या; रात्रपाळीच्या मुलींना पहाटे चारला फार भूक लागते.